माशाला कोंडा किती घालावा?

तळ्यात मत्स्यबीज सोडले की पहिला प्रश्न उभा राहतो तो खाद्याचा. भात भरडून आणलेले असते, घरचा कोंडा पडलेला असतो. पेंड मात्र रोख पैसे मोजून आणावी लागते. मग पुष्कळ शेतकरी बंधू म्हणतात, "कोंडाच घालू की! मासा तर आवडीने खातो." खातो हे खरे. पण खाल्लेले सगळेच अंगी लागते असे नाही, आणि हिशेब चुकतो तो इथेच.

कोंड्यात पिष्टमय पदार्थ, म्हणजे कर्बोदके, पुष्कळ. प्रथिने शेकडा 12-13 एवढीच. भुईमुगाच्या पेंडीत प्रथिने शेकडा 40 ते 45. मांस वाढते ते प्रथिनांवर. मग पिष्ट नकोच का? तसेही नाही. पोहायला, श्वास घ्यायला माशाला शक्ती लागते. पिष्ट मुळीच नसेल तर तो महागाची प्रथिनेच जाळतो, चुलीत सागवान घालावे तसे! शिवाय त्यातून निघणारा अमोनिया कल्ल्यांवाटे तुमच्याच तळ्यात सोडतो. थोडे पिष्ट मिळाले की प्रथिने वाचतात आणि वाढीस लागतात.

थोडे म्हणजे किती, हे जातीवर आहे. थंड ओढ्यांत राहणारा ट्राऊट मांसाहारी. त्याच्या खाद्यात पिष्ट शेकडा 20 च्या वर गेले की त्याला ते पेलत नाही. आपला रोहू कार्प कुळातला. त्याला जठर नाही, पण आतडे लांबलचक, आणि पिष्ट पचवणारा रस भरपूर. त्याला शेकडा 30 ते 40 पर्यंत चालते. त्यातही शिजवलेले पिष्ट कच्च्यापेक्षा बरे पचते.

याच्या वर गेले की बिघडते. माशाच्या अंगात इन्सुलिन असते, तरी रक्तात चढलेली साखर ओसरायला कित्येक तास लागतात. जादा साखर यकृतात साठते, चरबी होऊन आतड्याभोवती बसते. यकृत सुजल्यासारखे मोठे व फिकट होते. काट्यावर वजन भरते खरे, पण पोट चिरले की चरबीचे गोळे हाती येतात.

म्हणून कोंडा व पेंड वजनाने एकास एक, ही जुनी रीत चांगली. तिच्यात प्रथिने पाव भागाहून थोडी अधिक पडतात. शेणखताने पाणी हिरवट झालेले असेल तर त्यातले सूक्ष्म जीव खाऊन मासा आणखी प्रथिने मिळवतो. अशा तळ्यात कोंडा थोडा जास्त झाला तरी खपतो. नितळ पाण्यात खपत नाही.

तळ्यात 100 किलो मासा असेल तर रोज 2 ते 3 किलो खाद्य पुरे. आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या परिसरात ते छिद्रे पाडलेल्या पोत्यांत भरून बांबूला टांगतात; किती उरले ते पोते उचलताच कळते. उरलेले कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते, आणि पहाटे मासे वर येऊन तोंड वासू लागतात. असे दिसले की त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे व ताजे पाणी सोडावे.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. कोंडा पाण्यात उकळून थंड करा आणि आयोडिनचे दोन थेंब टाका. निळसर काळा रंग चढला की समजा, ते पिष्ट.

आणि तळेवाल्यांनी महिन्यातून एकदा जाळे टाकून दहा मासे तोलावेत, एक चिरून पाहावा. आतड्याभोवती चरबी फार दिसली तर कोंडा कमी करून पेंड वाढवावी.