गगनबावड्याचा रस्ता कोण ठरवतो?

कोल्हापूरपासून सुमारे 55 किलोमीटरवर गगनबावडा आहे. तिथून कोकणात उतरायला दोन घाट आहेत, करूळ आणि भुईबावडा. 22 जानेवारी 2024 रोजी करूळ घाट रुंदीकरण आणि काँक्रीटच्या कामासाठी बंद झाला. काही महिन्यांत काम उरकेल असे सांगण्यात आले. तारखा पुढे गेल्या, पावसाळा गेला, आणि वर्ष उलटून 2025 उजाडल्यावर घाट खुला झाला. गाडीवाल्याला वळसा म्हणजे जादा डिझेल. मजुराला वळसा म्हणजे बुडालेला दिवस. हा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.

रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, क्रमांक 166 जी. म्हणजे निर्णय दिल्लीचा, काम ठेकेदाराचे आणि धूळ आपली. गगनबावडा हा जिल्ह्यातला सर्वांत लहान तालुका. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 36 हजारांच्या आत. स्वतंत्र आमदार नाही, करवीर मतदारसंघाला हा तालुका जोडलेला. ज्याच्याकडे मते थोडी, त्याचा अर्ज फायलीच्या तळाशी, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको.

दर पावसाळ्यात कुंभी नदीचे पाणी मांडुकली, खोकुर्ले भागात रस्त्यावर येते आणि कोल्हापूरची वाट अडते. महामार्ग रुंद करताना भराव किती उंच घालायचा आणि पाणी जायला मोऱ्या किती ठेवायच्या, हा प्रश्न गाडी किती वेगाने धावेल यापेक्षा मोठा आहे. तो ज्यांच्या शेतात पाणी साचते त्यांना विचारला पाहिजे.

वाचकहो, आपल्या घरातल्या किती जणांकडे मोटार आहे? आपले वाहन एसटी. गगनबावड्याला एसटीचे आगार आहे. मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याआधी ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील वृद्धांना प्रवास मोफत झाला. चांगलेच झाले. पण गाडीच आली नाही तर अर्ध्या तिकिटाचे काय करायचे? वाडीतली मुलगी कॉलेजला पोचते की नाही, बाळंतीण सीपीआर रुग्णालयात वेळेवर जाते की नाही, हे त्या एका फेरीवर ठरते. बाबासाहेबांना 1901 साली मसूर स्टेशनवर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन गाडी मुलांनाच हाकावी लागली. 1929 साली चाळीसगावला टांगेवाल्याने नकार दिला. जात न विचारता तिकीट फाडणारी सरकारी गाडी आपल्याला किती मोलाची आहे, ते यावरून कळावे. म्हणून एसटीची फेरी बंद होते तेव्हा ती नुसती तोट्यातली फेरी नसते.

रेल्वेची गोष्ट आणखी लांबलेली. कोल्हापूरला गाडी आली 1891 साली, आणि रूळ तिथेच थांबले. खाली कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण झाली. मधला कोल्हापूर–वैभववाडी मार्ग, सुमारे 107 किलोमीटर, 2016-17 च्या अर्थसंकल्पात मंजूर झाला. त्यानंतर आश्वासनांची गाडी मात्र वेळेवर धावते. बंदरातून माल वर यावा म्हणून हा मार्ग हवा, असे सांगितले जाते. मालगाडी अवश्य यावी, शंभर ट्रकांचा धूर वाचेल. पण पॅसेंजर थांबणार का, आणि कुठे, हे आखणी पक्की होण्याआधी विचारायचे असते.

आता जमिनीकडे वळू. पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे 2014 ते 2024 या काळात सहा मसुदे निघाले. कस्तुरीरंगन अहवालाच्या यादीत हा तालुकाही आहे. ‘घर बांधता येणार नाही, शेती जाणार’ अशी आवई उठवली जाते. मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीजप्रकल्प आणि मोठ्या बांधकामांवर. जमिनीची मालकी त्याने जात नाही. मग ही ओरड कुणाच्या फायद्याची, ते शोधावे.

विरोध संघटित झाला की काय होते तेही पाहा. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाला 2024 साली जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. विधानसभेच्या तोंडावर सरकारने कोल्हापूरपुरते भूसंपादन मागे घेतले. निवडणूक झाली, आणि जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने त्याच महामार्गासाठी 20,787 कोटींची तरतूद मंजूर केली!

भूसंपादनाचा मोबदला मिळतो तो उताऱ्यावर ज्याचे नाव त्याला. शाहू महाराजांनी 1918 साली कोल्हापूर संस्थानातली महार वतने रद्द करून त्या जमिनी कसणाऱ्यांच्या मालकीच्या केल्या. आजोबांच्या नावावरचा तुकडा आज वीस वारसांत असेल आणि नोंद एकाचीच, तर पैसे वाटताना भाऊबंदकी ठरलेली. सातबारा आणि आठ-अ काढून वारसनोंद आजच तपासावी. मुलींची नावेही हवीत. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांना लागू आहे आणि त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. महामार्गाची अधिसूचना निघाली की हरकतीला फक्त 21 दिवस असतात.

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असे कायदाच सांगतो. त्या सभेत एसटीच्या फेरीची वेळ, थांब्यावर निवारा आणि पुराच्या काळातली पर्यायी गाडी यांचा ठराव मांडा. ठरावाची नक्कल ग्रामसेवकाकडून घेऊन आगारात द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.