लाकडात कोरलेले दुःख

शरीराला ज्वर चढला म्हणजे सारे घर जागे होते. कोणी कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवतो, कोणी डॉक्टरांना आणावयास धावतो, शेजारीण पेज घेऊन येते. परंतु मनाला ज्वर चढला, तर त्याच घराची दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात. ‘लोक काय म्हणतील?’ या एका प्रश्नाने रोग्याचे तोंड बंद होते आणि घरच्यांचेही. पाय मोडला तर तो दाखविता येतो. मन मोडले तर काय दाखवावे? ज्यांनी या प्रश्नाचे उत्तर लाकूड, दगड, शाई आणि कागद यांच्या साहाय्याने दिले, अशा दोन चित्रकारांची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

पहिला एडवर्ड मुंक. त्याचा जन्म १२ डिसेंबर १८६३ रोजी नॉर्वे देशात झाला. वडील लष्करात डॉक्टर होते. मुंक पाच वर्षांचा असताना, १८६८ साली, त्याची आई क्षयाने वारली. पुढे १८७७ साली त्याच रोगाने त्याची थोरली बहीण सोफी हिलाही नेले. ती अवघी पंधरा वर्षांची होती. लॉरा नावाच्या धाकट्या बहिणीला मानसिक आजार जडला व तिला इस्पितळात ठेवावे लागले. वडील धर्मनिष्ठ खरे, पण त्यांच्या भक्तीत आशेपेक्षा भयाचाच भाग अधिक होता. या काळवंडलेल्या घराला सावरले ते मावशीने. करेन मावशी वाळकी पाने, शेवाळ असल्या वस्तू कागदावर चिकटवून देखावे तयार करीत असे, आणि तिनेच या मुलाच्या हाती पेन्सिल दिली. ज्याला आज आपण कोलाज म्हणतो, त्याचे हे घरगुती रूप मुंकने लहानपणीच पाहिले होते.

मुंक तैलचित्रे काढी. पण १८९४ पासून तो छापचित्रांकडे वळला. ही छापचित्रे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. लाकडाच्या फळीवर चित्र काढून, जो भाग कोरा राहावयाचा तो पटाशीने खोदून काढतात. उरलेल्या उंच भागावर शाई फिरवून वर कागद दाबतात. भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून मुले वहीवर फुले उठवितात, त्यातीलच ही विद्या. दुसरी रीत शिळाछापाची. आपल्याकडे जुन्या पोथ्या याच रीतीने छापल्या जात. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे व दगड ओला करावयाचा. पाणी आणि तेल एकमेकांना धरीत नाहीत, म्हणून शाई केवळ रेषांवरच बसते. एका चित्राच्या अशा रीतीने अनेक प्रती निघतात. रोग्याच्या खोलीतील दुःख या मार्गाने शेकडो घरांपर्यंत पोहोचू शकते.

सोफीचे मरण मुंकला जन्मभर विसरता आले नाही. ‘आजारी मूल’ हे चित्र त्याने १८८५-८६ साली प्रथम रंगविले. पुढे १८९४ साली तोच विषय धातूच्या पत्र्यावर ओरखडून छापला आणि १८९६ साली पॅरिसमध्ये शिळाछापावर घेतला. या शिळाछापात खोली नाही, औषधाची बाटली नाही. आहे ते उशीवर टेकलेले, एका बाजूस वळलेले मुलीचे मस्तक. निरनिराळ्या शाया वापरून त्याने या एकाच मुखाचे अनेक छापे घेतले. कुठे ते तांबूस दिसते, कुठे निळसर. शोकाची रीतही अशीच नाही काय? आठवण एकच असते, पण दररोज तिचा रंग वेगळा.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र ‘किंकाळी’. ते त्याने १८९३ साली रंगविले व १८९५ साली शिळाछापावर काळ्या रेषांत उतरविले. पुलावर एक आकृती उभी आहे. तिचे दोन्ही हात कानांवर आहेत, तोंड उघडे आहे, आकाश व पाणी लाटांसारखे वळवळत आहे. पुष्कळांना वाटते की ही आकृतीच ओरडत आहे. परंतु साऱ्या सृष्टीतून एक प्रचंड आक्रोश आपल्याला जाणवला, अशा अर्थाचे शब्द त्या छापाखाली मुंकनेच घातले आहेत. तो आक्रोश सहन होत नाही, म्हणून तिने कान झाकले आहेत. आता चित्राच्या मागील भागाकडे पाहा. तेथे दोन माणसे आहेत. त्यांना काहीच ऐकू येत नाही. मनाने आजारी असलेल्या मनुष्याचे खरे दुःख या दोन सरळ आकृतींत आहे. त्याला जे ऐकू येते ते त्याच्या सोबत्यांना ऐकू येत नाही, आणि म्हणून ते खोटेच असले पाहिजे असे ते समजतात.

१८९९ सालच्या ‘दोन माणसे’ या लाकडी ठशाची करणी तर फारच विलक्षण. एक पुरुष व एक स्त्री आपल्याकडे पाठ करून समुद्राकडे पाहत उभी आहेत. मुंकने फळी नुसती कोरली नाही. बारीक करवतीने त्याने तिचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्यास वेगळी शाई लावली आणि ते पुन्हा एकत्र बसवून छापले. त्यात स्त्रीची आकृती हा एक स्वतंत्र तुकडा आहे. साहजिकच छापल्यावर तिच्याभोवती एक बारीक कोरी रेघ राहते. हाताच्या अंतरावर उभी असलेली दोन माणसे, आणि मध्ये करवतीने कापलेली फट! एकाच घरात राहूनही माणसे एकमेकांपासून किती दूर असू शकतात, हे त्या फटीने सांगितले.

मुंकची प्रकृती मात्र ढासळत गेली. मद्याचे व्यसन वाढले, निद्रा नाहीशी झाली, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले. अखेर १९०८ च्या शरद ऋतूत कोपनहेगन येथे डॉक्टर डॅनिएल याकॉबसन यांच्या रुग्णालयात तो दाखल झाला आणि सुमारे आठ महिने तेथे राहिला. विश्रांती, नियमित आहार व मद्यत्याग यांनी त्याला उतार पडला. रुग्णालयात असतानाच त्याने ‘आल्फा आणि ओमेगा’ ही शिळाछापांची मालिका पुरी केली आणि खुद्द डॉक्टरांचेही चित्र काढले.

चिंता व आजार ही आपल्या नौकेची सुकाणू आहेत, अशा अर्थाचे मुंकने लिहून ठेवले होते. पुष्कळ लोकही असेच मानतात की वेड गेले तर कला जाईल. पण घडले काय? बरा होऊन १९०९ साली तो मायदेशी परतला, ऑस्लो विद्यापीठाच्या सभागृहासाठी उगवत्या सूर्याचे भव्य चित्र रंगविले आणि पुढे पस्तीस वर्षे काम करीत राहिला. २३ जानेवारी १९४४ रोजी ऐंशी वर्षांचा होऊन तो वारला, तेव्हा सुमारे १,००० तैलचित्रे आणि १५,००० हून अधिक छापे त्याने ऑस्लो नगरीच्या स्वाधीन केले. उपचाराने त्याची कला मेली नाही. उपचाराने कलावंत जगला.

दुसरा चित्रकार फ्रान्सचा आन्री मातीस. १९४१ साली पोटाच्या कर्करोगासाठी त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली व त्यानंतर त्याचे बरेच दिवस अंथरुणात आणि चाकांच्या खुर्चीत गेले. कुंचला घेऊन उभे राहता येईना, तेव्हा त्याने कात्री घेतली. मदतनीस कागद रंगवून देत, तो त्यांतून आकार कापी आणि ते जुळवून चित्र उभे करी. १९४७ साली निघालेल्या त्याच्या ‘जाझ’ या पुस्तकात अशी वीस चित्रे साच्यांतून रंग भरून छापलेली आहेत. त्यांतील एकात निळ्या आकाशातून एक काळी मनुष्याकृती तरंगते आहे आणि तिच्या छातीवर एक लहानसा तांबडा ठिपका आहे. आजाऱ्याच्या अंधाऱ्या देहातही काळीज पेटलेले असते, हेच जणू तो सांगतो.

त्या दिवसांत त्याची शुश्रूषा करणारी एक तरुण परिचारिका पुढे डोमिनिकन संघात शिरून सिस्टर जाक-मारी झाली. त्यांच्याच ओळखीतून मातीसने वांस गावी जपमाळेच्या राणीचे चॅपल उभारले. १९५१ साली पुऱ्या झालेल्या त्या चॅपलच्या रंगीत काचा व याजकांची मिस्सावस्त्रे यांचे नमुने त्याने कात्रीने कापलेल्या कागदांतूनच सिद्ध केले.

वाचकहो, यावरून असे समजू नये की कागद कापल्याने मनाचा रोग बरा होतो. औषधाची जागा कात्री घेऊ शकत नाही. मुंकलाही डॉक्टरांची गरज लागली. पण ज्याला बोलता येत नाही, त्याला हातांनी सांगता येते. घरातील एखादे मूल दिवसेंदिवस गप्प होत असेल, सून रात्र रात्र जागत असेल, तर जुने मासिक, कात्री व खळ पुढे ठेवून आपणही शेजारी बसावे. ‘हे काय काढलेस?’ असा जाब न विचारता ‘याबद्दल सांग पाहू’ असे म्हणावे. आणि त्रास टिकून राहिला, तर डॉक्टरांकडे नेण्यास विलंब करू नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करून विनामूल्य सल्ला घेता येतो.

पुलावरील ती दोन माणसे चित्रातील आहेत; त्यांना मागे वळता येणार नाही. आपल्याला मात्र येते.