भल्लातक, अश्व आणि स्वार

शहादा तालुक्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी श्रीदत्तजयंतीस भरणारी यात्रा घोडेबाजारासाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. एका यात्रेनंतर एक तरुण स्वार आमच्याकडे आला. दोन्ही गुडघ्यांच्या आतील बाजूस व हातांवर दाह, कंडू, शोथ आणि स्फोट होते. नागीण समजून लेप लावून झाला होता. परंतु नागीण सहसा शरीराच्या एकाच बाजूस उठते. बिब्ब्यास आपण स्पर्श केला नाही, असे तो निक्षून सांगत होता. अधिक विचारता कळले, की घोडा लंगडत असल्याने त्याच्या खांद्यावर कोणीतरी बिब्ब्याचे तेल लावले होते.

अमेरिकेतील ‘पॉयझन ओक’ या विषारी झुडुपाची कथा अशीच आहे. त्याचे तेल घोड्याच्या केसांना व खोगिरास चिकटते. घोड्यास सहसा काही होत नाही, स्वारास मात्र बाधा होते. ही वनस्पती व आपला भल्लातक एकाच आम्रकुलातील असून दोहोंतील दाहक द्रव्ये सजातीय आहेत. धोब्याने कपड्यांवर केलेल्या बिब्ब्याच्या खुणांमुळे भारतातील अमेरिकन सैनिकांना झालेला त्वग्दाह १९४३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदविला गेला होता.

बिब्बा उतण्यास बहुधा एक-दोन दिवस लागतात. म्हणून रुग्णास कारण आठवत नाही. स्पर्श होताच प्रथम साबण व भरपूर पाण्याने धुवावे. आधी तेल चोळल्यास विष पसरण्याची भीती असते. धुतल्यानंतर खोबरेल वा घृत लावावे. खोगीर, लगाम, खरारा व कपडे हेही धुवावेत, अन्यथा व्याधी पुनःपुन्हा उद्भवते. फोडांतील स्रावाने मात्र तो पसरत नाही. चेहरा वा डोळे सुजल्यास, श्वासास त्रास झाल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे.

चरकाचार्यांनी रसायनाध्यायात भल्लातकाचे दहा प्रयोग सांगितले. तथापि औषध नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात त्याची गणना विषारी द्रव्यांत आहे. इष्टिकाचूर्णाने शोधन करताना निर्मितीशाळेतील कामगारांस हातमोजे अवश्य द्यावेत. औषधी दुकानदारांनी जनावरांसाठी म्हणून मागितलेले बिब्ब्याचे तेल सूचनेविना देऊ नये. आणि आपण वैद्यांनी असा रुग्ण आल्यास त्याच्या घरच्या जनावरांचीही विचारपूस करावी, ही विनंती.