पेनड्राइव्ह रिकामा, तरीही फाइल मावेना! मोठ्या गेमचा बॅकअप तुकड्यांत कसा ठेवावा?

६४ जीबीचा पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा असतो. संगणकावरील गेमची ४० जीबीची बॅकअप फाइल त्यावर उतरवू लागताच संदेश झळकतो, की ही फाइल या ड्राइव्हसाठी फार मोठी आहे. पेनड्राइव्हच सदोष निघाला, अशी अनेकांची समजूत होते. वस्तुतः पेनड्राइव्ह ठीक असतो आणि जागाही पुरेशी असते. अडचण असते ती नोंदीची.

४ जीबीची मर्यादा कशामुळे?

कोणती फाइल कुठे आहे व ती किती मोठी आहे, याची नोंदवही प्रत्येक ड्राइव्हवर असते. ती ठेवण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टीम म्हणतात. ‘फॅट ३२’ ही त्यांपैकी एक पद्धत १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. तीत फाइलचा आकार लिहिण्यासाठी ३२ बिटांचाच रकाना राखलेला आहे. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ ही होय. म्हणजेच एक फाइल जास्तीत जास्त ४ जीबीला एक बाइट कमी एवढीच असू शकते. त्या काळी घरगुती संगणकाची अख्खी हार्ड डिस्कच एक-दोन जीबीची असे. त्यामुळे ही मर्यादा कोणाला जाचली नाही. आज ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या एकाच गेमला संगणकावर १५० जीबी जागा लागते.

तुकडे केव्हा करावेत?

पेनड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट करणे हा सर्वांत सोपा उपाय. २००६ मध्ये आलेल्या या पद्धतीत ४ जीबीची अट नाही आणि विंडोज व मॅक दोन्हींवर ती चालते. मात्र फॉरमॅट करताना ड्राइव्हवरील सर्व मजकूर पुसला जातो. शिवाय प्लेस्टेशन ३ सारख्या जुन्या उपकरणांना बाहेरून जोडलेला ड्राइव्ह ‘फॅट ३२’ चाच लागतो. तोच ड्राइव्ह तिथेही वापरायचा असेल, किंवा बॅकअप ३२ जीबीच्या दोन ड्राइव्हवर विभागून ठेवायचा असेल, तर फाइलचे तुकडे करणे हाच मार्ग उरतो.

कृती

‘सेव्हन-झिप’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर या कामासाठी सोयीचे आहे. फाइल निवडून नवीन संग्रह तयार करताना तुकड्यांच्या आकाराचा रकाना दिसतो. त्यात ‘४०९२ एम – फॅट’ हा पर्याय तयारच असतो. गेमच्या फाइल बहुधा आधीच आवळलेल्या असतात. त्या पुन्हा आवळण्यात वेळ जातो आणि जागा फारशी वाचत नाही. म्हणून ‘स्टोअर’ हा पर्याय निवडावा. तुकडे संगणकावरच केले, तर तिथे आणखी ४० जीबी जागा मोकळी लागते. एकच ड्राइव्ह असल्यास ते थेट त्यावर उतरवता येतात.

४० जीबीच्या फाइलचे ११ तुकडे होतात. त्यांच्या नावांच्या शेवटी ००१, ००२ असे क्रमांक येतात. हे क्रमांक बदलू नयेत. पुढे फाइल परत हवी असेल तेव्हा सर्व तुकडे एकाच फोल्डरमध्ये आणून केवळ ००१ क्रमांकाचा तुकडा उघडावा. उरलेले सॉफ्टवेअर आपोआप जोडून घेते.

या ११ पैकी शेवटचा तुकडा जेमतेम ४० एमबीचा असतो. तो क्षुल्लक वाटून मागे राहण्याची शक्यता अधिक. परंतु सेव्हन-झिपच्या ‘सेव्हन-झेड’ प्रकारात आतील मजकुराची सूची संग्रहाच्या अखेरीस लिहिलेली असते. तो इवलासा तुकडा हरवला, की उरलेले ४० जीबी असूनही संग्रह उघडत नाही.

मूळ फाइल पुसण्यापूर्वी

तुकडे उतरवून झाल्यावर ड्राइव्ह रीतसर ‘इजेक्ट’ करून काढावा, पुन्हा जोडावा आणि ड्राइव्हवरीलच ००१ तुकड्यावर सेव्हन-झिपची ‘टेस्ट’ सुविधा चालवावी. बॅकअप दोन ड्राइव्हवर विभागला असेल, तर त्यांवरील तुकडे एका फोल्डरमध्ये परत आणून ही चाचणी घ्यावी. एकही त्रुटी न आढळल्यासच मूळ फाइल काढून टाकावी.

याहून महत्त्वाची एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. खेळणाऱ्याची प्रगती, म्हणजे ‘सेव्ह’ फाइल, पुष्कळदा गेमच्या फोल्डरमध्ये नसते. विंडोजवर ती ‘डॉक्युमेंट्स’ वा ‘ॲपडेटा’ या फोल्डरांत आढळते. तिचा आकार सहसा काही एमबीच असतो. तिला तुकड्यांची गरज नसते आणि ती कोणत्याही पेनड्राइव्हवर मावते. विकत घेतलेला गेम इंटरनेटवरून बहुधा पुन्हा उतरवता येतो. दोन वर्षे खेळून गाठलेला टप्पा मात्र, त्याची दुसरी प्रत कुठेच नसेल तर, परत मिळत नाही. म्हणून आधी सेव्ह फाइलची प्रत घ्यावी आणि मगच ४० जीबीच्या तुकड्यांना हात घालावा.