मनगटात दबलेली नस आणि मज्जावहन चाचणी

अहवालवर्षातील रुग्णसेवेचा तपशील अन्यत्र दिलेला आहेच. येथे आमच्याकडे होणाऱ्या एका तपासणीविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत. तिचे शुल्क, तिला लागणारा वेळ आणि तिची वाटणारी भीती या तिन्ही बाबतींत रुग्णांचे नातेवाईक आमच्याकडे वारंवार विचारणा करतात, आणि देणगीदारांनाही या यंत्राचा नेमका उपयोग काय, असा प्रश्न पडतो. तपासणीचे नाव मज्जावहन चाचणी. डॉक्टर तिला ‘एनसीव्ही’ म्हणतात आणि रुग्ण ‘करंटची टेस्ट’.

ज्या विकारासाठी ती मोठ्या प्रमाणावर केली जाते, त्याचे वैद्यकीय नाव कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटाच्या तळहाताकडील बाजूस एक अरुंद बोगदा असतो. त्याचा तळ व बाजू आठ लहान हाडांच्या बनलेल्या असतात आणि छत एका चिवट आडव्या बंधाचे. या एवढ्याशा जागेतून बोटे मिटवणारे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नावाचा मज्जातंतू असे दहा जण दाटीवाटीने जातात. स्नायुबंधांवरील आवरणाला सूज आली की हाडे हटत नाहीत, वरचा बंध ताणला जात नाही. दबतो तो मज्जातंतू. परिणामी अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात. करंगळी मात्र सुटते, कारण तिचा मज्जातंतू, म्हणजे अल्नर, या बोगद्यातून जातच नाही. रात्री त्रास वाढतो, झोपमोड होते, हात झटकला की थोडे बरे वाटते.

हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. मधुमेह, थायरॉईडची कमतरता, संधिवात, गर्भारपण, मनगटाचे जुने फ्रॅक्चर यांमुळे त्याची शक्यता वाढते; तसेच हाताला सतत जोर व ताण देणाऱ्या कामांमुळेही. शिवणयंत्रावर बसणाऱ्या, धारा काढणाऱ्या, खानावळीत दिवसभर पोळ्या लाटणाऱ्या भगिनी बाह्यरुग्ण विभागात ही तक्रार सांगतात. काम थांबवणे त्यांना परवडत नाही, म्हणून बहुतेक जणी उशिरा येतात. त्याआधी कोणी मानेचा पट्टा दिलेला असतो, कोणी जीवनसत्त्वाची इंजेक्शने. मानेत नस दबली तरी बोटांना मुंग्या येतात, मधुमेहातही येतात. तेव्हा हा गोंधळ अस्वाभाविक म्हणता येणार नाही. पण त्यात गेलेला काळ महाग पडतो. मज्जातंतू दीर्घकाळ दबून राहिला तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा झिजून सपाट होतो, चिमटीत सुई धरता येत नाही, शर्टाचे बटण लागत नाही. या टप्प्यानंतर शस्त्रक्रिया केली तरी गेलेली ताकद पूर्ण परत येईलच, याची शाश्वती देता येत नाही. चाचणीचे मोल आहे ते येथे.

चाचणीचे तत्त्व आम्हां वाणिज्य शाखेच्या माणसांनाही समजावे इतके सोपे आहे. मज्जातंतूतून संदेश विद्युत्प्रवाहाप्रमाणे क्षणात पोहोचतो असे पूर्वी मानले जाई. त्याला वेग असतो आणि तो मोजता येतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर दाखवून दिले. त्यानंतर शंभरएक वर्षांनी, १९५६ मध्ये, ब्रिटनमधील डॉ. सिम्प्सन यांनी या विकारात मनगटापाशी संदेश रेंगाळतो, हे विद्युत्-नोंदीने सिद्ध केले. आजची चाचणी त्याच वाटेने जाते. अंगठ्याच्या स्नायूवर एक चकती चिकटवतात, मनगटापाशी व कोपरापाशी विजेची सौम्य टिचकी देतात आणि स्नायूचा प्रतिसाद किती वेळाने आला हे यंत्र नोंदवते. समजा, दोन ठिकाणांतील अंतर २२ सेंटीमीटर आहे आणि कोपरापासूनचा संदेश ४ मिलिसेकंद जास्त घेतो. तर वेग सेकंदाला ५५ मीटर झाला. निरोगी हातात तो ५० च्या वर असतो. या विकारात कोपर ते मनगट हा प्रवास बहुधा ठीक असतो. मनगटापासून अंगठ्यापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात विलंब होतो. तेथे ४ मिलिसेकंदांच्या आसपास अपेक्षित असताना ६ किंवा ७ लागले, तर अडथळा कोठे आहे हे कळते.

सौम्य विकारात हा विलंब इतका स्पष्ट नसतो. तेव्हा ताळा पाहावा लागतो. अनामिकेला मीडियन व अल्नर अशा दोन्ही मज्जातंतूंचा पुरवठा आहे. सारख्याच अंतरावरून दोघांना टिचकी दिली तर निरोगी हातात दोन्ही नोंदी जवळजवळ एकाच वेळी उमटतात. अर्ध्या मिलिसेकंदाहून अधिक फरक पडला, तर बोगद्यातून जाणारा मागे पडला असे समजावे. हात एकच, वय एकच, मधुमेह असेल तर तोही दोघांना सारखाच; म्हणून ही तुलना आम्हांस फार विश्वासार्ह वाटते.

नातेवाईकांची नेहमीची तक्रार असते की तंत्रज्ञ वेळ लावतात. त्याचे एक कारण थंड हात हे आहे. त्वचा गार असेल तर निरोगी मज्जातंतूही मंदावतो आणि नसलेला आजार कागदावर उमटतो. त्यामुळे हाताचे तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर आधी तो ऊब देऊन गरम करावा लागतो, अंतर टेपने मोजावे लागते, शंका आल्यास नोंद पुन्हा घ्यावी लागते. यंत्र देणगीतून येते, त्यावर दात्याचे नाव लागते. घाई न करणाऱ्या तंत्रज्ञाचे वेतन मात्र दरमहा द्यावे लागते. विश्वस्तांनी अंदाजपत्रक पाहताना ही बाब ध्यानी घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

चाचणी म्हणजे अंतिम शब्द नव्हे. आरंभीच्या काही रुग्णांत ती निर्दोष येते, तर काहींत कोणतीही तक्रार नसताना दोष दिसतो. म्हणून प्रथम डॉक्टर रुग्णाचे म्हणणे ऐकतात, मनगट मिनिटभर वाकवून मुंग्या येतात का ते पाहतात, अंगठ्याची ताकद तपासतात. विकार मानेत असल्याचा संशय असेल किंवा स्नायू झिजला असेल, तरच बारीक सुईने स्नायूची तपासणी जोडली जाते. निष्कर्ष सौम्य असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा व कधी इंजेक्शन यांवर भागते. गर्भवती स्त्रियांचा त्रास तर बहुधा प्रसूतीनंतर ओसरतो. विकार तीव्र असेल तर तो बंध मोकळा करण्याची लहान शस्त्रक्रिया सुचवली जाते आणि ती लांबवू नये. ज्याला गरज नाही त्याची चाचणी न करणे, हेही आम्ही रुग्णसेवेतच धरतो.

शुल्क न पेलणाऱ्या रुग्णांसाठी धर्मादाय रुग्णालयांच्या २००६ पासूनच्या योजनेनुसार एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा केली जाते. आवश्यक कागदपत्रे घेऊन समाजसेवा विभागात चौकशी करावी. चाचणीपूर्वीच यावे, पावती झाल्यावर हिशेब बदलणे अवघड जाते.

चाचणीस उपाशीपोटी येण्याची आवश्यकता नाही. हातांना तेल किंवा मलम लावू नये. अंगठ्या व धातूच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. पेसमेकर बसवलेला असल्यास किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधी सांगावे, मात्र औषध स्वतःहून बंद करू नये. टिचकीने बोटे उडतात, क्षणभर दचकायला होते. तिचा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. पूर्वीचे अहवाल व चालू औषधांची चिठ्ठी सोबत आणावी.