पावणेतीन क्विंटलांचे लेकरू

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्यात लहानथोरांच्या तोंडी आहे. परंतु त्याच जर्मनीतील लॅन्ड्सबर्ग गावच्या प्रयोगशाळेत आमच्या बाजारातील पाच लोकप्रिय छोट्या मोटारींच्या, एअरबॅग नसलेल्या स्वस्त आवृत्त्या मुद्दाम आदळून पाहण्यात आल्या, आणि २०१४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या निकालात पाचांपैकी एकीच्याही पदरी प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेचा एकही तारा पडला नाही, ही हकीकत येथे फार थोड्यांना ठाऊक असावी.

परभणीत गाडी घ्यायला निघालेला गृहस्थ प्रथम बोटांच्या पेरांनी दाराचा पत्रा वाजवून पाहतो. पत्रा जाड तर गाडी भक्कम, आणि धडकेत जिचे नाक चेपले ती तकलादू, हा समज इतका रूढ आहे की त्याची उलटतपासणी कोणी करीत नाही. वस्तुतः परीक्षेतील ताशी ६४ किलोमीटरांचा वेग म्हणजे सुमारे १६ मीटरांवरून, पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली कोसळण्याइतका आघात. आणि उंचावरून पडणारा माणूस फरशीवर पडतो की कडब्याच्या गंजीवर, यांत जो जीवनमरणाचा फरक आहे, तोच न चेपणाऱ्या आणि चेपणाऱ्या नाकांत आहे. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेन्यी यांनी गेल्या शतकाच्या मध्याला हे मर्म ओळखले : गाडीचा पुढचा व मागचा भाग ठरवून चेपू द्यावा, आणि माणसे बसतात तो मधला भाग मात्र पोलादी पिंजऱ्यासारखा अभंग राखावा. ज्या पत्र्यावर आपण बोटे वाजवितो तो या पिंजऱ्याचा केवळ अंगरखा होय. भार वाहणाऱ्या तुळया आणि दोन दारांमधला कणखर पोलादाचा खांब त्याच्या आत दडलेले असतात.

आमच्या कररचनेत चार मीटरांच्या आत राहणाऱ्या छोट्या गाडीला सवलत मिळते. त्यामुळे नाकाला जागाच थोडी उरते, आणि परवडणाऱ्या किमतीत ही विद्या साधणे अधिकच बिकट होते. ते साधले, आणि आपल्याच महाराष्ट्रात साधले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पुण्याजवळ रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनने डिसेंबर २०१८ मध्ये तशाच परीक्षेत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळविले. भारतीय बनावटीच्या गाडीला हे यश तेव्हा प्रथमच लाभले. पुढे २०२१ मध्ये टाटा पंचने अवघ्या दोन एअरबॅगांनिशी तीच मजल गाठली. १ ऑक्टोबर २०२३ पासून तर भारत एन्कॅप ही मोटारी आदळून पाहण्याची आपली स्वतःची परीक्षाही अमलात आली आहे.

परंतु हे सारे तारे माणसांच्या जागी बसविलेल्या, पट्टा बांधलेल्या पुतळ्यांनी मिळविलेले आहेत, हे विसरून चालणार नाही. व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये सिद्ध केलेला तीन टोकांचा पट्टा शरीराला गाडीबरोबरच, नाक चेपत असतानाच, थांबवू लागतो. एअरबॅग सेकंदाच्या सुमारे तिसाव्या हिश्श्यात फुगते खरी, पण ती पट्ट्याची मदतनीस आहे, बदली नव्हे. परीक्षेतील त्याच ६४ च्या वेगात गाडी साठ सेंटिमीटरांत थांबली असे धरले, तर आतल्या प्रत्येक वस्तूचा भार क्षणभर सुमारे सत्तावीसपट होतो. मांडीवरचे दहा किलोंचे लेकरू त्या क्षणी पावणेतीन क्विंटलांचे होते. आणि सोयाबीनची भरलेली गोणी उचलण्यात आयुष्य गेलेल्या आमच्या शेतकऱ्याला मी विचारतो, पावणेतीन क्विंटल दोन हातांत कोण धरून ठेवील?

हौसेने बसविलेले लोखंडी बंपरगार्ड, ज्याला कायद्याची मनाई आहे, तेही घातकच. कारण चेपणाऱ्या भागाला ते त्याच्या क्रमाने चेपू देत नाही. आणि गळिताच्या हंगामात गंगाखेड-पाथरीकडच्या रस्त्यांवर रात्री दिवा-परावर्तकाविना उभी असलेली उसाची ट्रॉली, ही तर ताऱ्यांच्या परीक्षेत नसलेली धडक आहे. ट्रॉलीचा हौदा मोटारीच्या नाकाहून उंच असतो; नाक त्याच्या खाली शिरते, चेपण्याची सारी योजना बाजूला राहते, आणि आघात थेट काचेवर येतो. ट्रॉलीच्या पाठीला शंभरेक रुपयांची लाल परावर्तक पट्टी चिकटविणे हेदेखील मोटारीच्या सुरक्षेचेच काम आहे, आणि ते ट्रॉलीवाल्याने व कारखान्याने करावयाचे आहे.

गेल्या दिवाळीत शेजाऱ्यांच्या गाडीतून जिंतूरला निघालो, तेव्हा त्यांच्या आई नातवाला घेऊन मागे बसल्या होत्या. बाळाचे काय, असे विचारताच म्हणाल्या, “मांडीवर हाय की लेकरू, कुठं पडतंय?” मी त्यांना क्विंटलांचा हिशेब सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत, पण शेजाऱ्यांनी परत आल्यावर नव्या सीटकव्हरचा कोपरा उचकटला. त्याखालून पट्ट्यांची बक्कले निघाली, भुईमुगाच्या टरफलांनी माखलेली. आणि पाठ व बैठक यांच्या फटीत, बाळाची खुर्ची अडकविण्यासाठी कंपनीने दिलेल्या दोन पोलादी कड्या निघाल्या, ज्यांना तीन वर्षांत कोणाचा हात लागला नव्हता. आईंनी वाकून त्या फटीत बोट घातले, कडी चाचपली, आणि विचारले, “ही व्हय? मग खुर्ची कवा आणायची?”