फटीबंद घरातली ताजी हवा

जर्मनीत डार्मश्टाटच्या क्रानिखश्टाइन भागात 1991 साली चार जोडघरांत कुटुंबं राहायला आली. ही पहिली ‘पॅसिव्ह हाउस’. जाड उष्णतारोधक भिंती, तिहेरी काचांच्या खिडक्या आणि कुठेही फट नाही. ऊब देण्यासाठी वर्षाला चौरस मीटरमागे 15 युनिटांहून जास्त ऊर्जा लागू नये, हा अशा घरांचा निकष.

पण फटी बुजवल्या की घर कोंदट होतं. अंघोळीची वाफ, फोडणीचा वास जाणार कुठे? खिडकी उघडावी तर ऊबही जाते. म्हणून वायुवीजनाचं यंत्र. न्हाणीघरातून, स्वयंपाकघरातून ओढलेली उबदार हवा आणि बाहेरची गार हवा पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी वाहतात. त्या मिसळत नाहीत, ऊब मात्र पलीकडे जाते. बाहेर शून्य आणि घरात 20 अंश असले, तरी ताजी हवा साधारण 16 अंशांवर खोलीत येते. मला या घरांतली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

उरलेली गरज हीट पंप भागवू शकतो. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. एका युनिट विजेत साधारण तीन युनिट ऊब मिळते. मात्र आधी फटी बुजवा, मग पंप निवडा. गळक्या घराला उगाच मोठा पंप लागतो. आणि वायुवीजनाचे फिल्टर वेळेवर बदला.